आपटलेला गेज

पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत मोगऱ्याला पाणी घालत होतो. "साळवे, यंदा नाताळ अंकात 'ख्रिस्ती शील आणि बदललेलं जीवन' या विषयावर तुम्ही लिहायचं." मी म्हटलं, "पाळकसाहेब, शीलाबद्दल तुम्ही लिहा. मला फक्त छिद्रांबद्दल लिहिता येतं." ते हसले आणि म्हणाले, "मग छिद्रांबद्दलच लिहा. तो रविवार लिहा."

तो रविवार! चार वर्षं झाली. मी पाण्याचा मग तसाच कुंडीत ठेवला आणि लिहायलाच बसलो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, आतून ओरडली की मोगरा अर्धाच भिजलाय. भिजेल सावकाश.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी दिल्लीजवळच्या मानेसरच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. गाड्यांच्या ब्रेकचे भाग आम्ही बनवत असू. ओतीव लोखंडाचा एक ठोकळा, त्यात एक छिद्र, त्या छिद्रातून एक दट्ट्या पुढेमागे सरकतो आणि तुमची गाडी थांबते. छिद्र मोठं झालं तर ब्रेकचं तेल गळतं, लहान झालं तर दट्ट्या अडकतो. दोन्ही वेळा गाडी थांबायची तिथं थांबत नाही, मग पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

हे छिद्र तपासायला आमच्याकडे एक साधंसं हत्यार असतं. त्याला गेज म्हणतात. पोलादाची मूठ आणि दोन्ही टोकांना दोन गुळगुळीत नळकांडी. एका टोकाचं नाव 'गो', म्हणजे हे आत गेलंच पाहिजे. दुसऱ्याचं 'नो-गो', हे आत जाता कामा नये. गो गेला आणि नो-गो अडला की माल पास. गो अडला तर छिद्र लहान, नो-गो गेला तर छिद्र मोठं, आणि दोन्ही वेळा लाल चिठ्ठी. आहे की नाही सोपं? सव्वीस वर्षं मी हेच केलं. लोक विचारायचे, कंटाळा नाही येत? अहो, कंटाळा कसला! दर ठोकळ्याला न्याय करायचा असतो. आणि न्यायाधीशाला लोक घाबरतात, हे मला फार आवडायचं. खोटं कशाला सांगू!

माझं नावच पडलं होतं 'लाल साब'. एकदा गाडीच्या कंपनीचे पाहुणे आले होते. त्यांच्यातले एक गृहस्थ पांढरे हातमोजे घालून प्रत्येक ट्रेवर बोट फिरवत होते, धूळ दिसली की वहीत लिहीत होते. पुढच्या लॉटमधला एक ठोकळा मी नुसता हातात घेतला आणि म्हटलं, हा आपल्या मालातला नाही, ओतकाम वेगळं आहे. सगळे हसले. तोडून पाहिला तर आत पोकळ जागा! हातमोजेवाल्या गृहस्थांनी मोजा काढून माझ्याशी हस्तांदोलन केलं. ती हकिगत मी आमच्या सोसायटीत इतक्यांदा सांगितली आहे की लिफ्टमध्ये माझ्याबरोबर कुणी एकटं येत नाही.

आमच्या मापखोलीत बारा महिने वीस अंश तापमान असायचं. मे महिन्यात बाहेर मानेसर भाजून निघत असलं तरी आत स्वेटर लागायचा. लोखंड तापलं की फुगतं, माप चुकतं, म्हणून ही व्यवस्था. डोकं तापलं की काय फुगतं, याची व्यवस्था मात्र कंपनीकडे नव्हती. माझं डोकं तापायचं. फार तापायचं. चहा गार आला, बस उशिरा आली, घरी वरणात मीठ कमी पडलं, एवढं पुरे व्हायचं. आणि रविवारी मी स्वच्छ इस्त्रीचा सदरा घालून उपासनेला पहिल्या बाकावर.

दिल्लीत आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची मंडळी लहानशी आहे. महिन्यातून एक रविवार पहाडगंजजवळच्या एका चर्चमध्ये आम्हाला दुपारची वेळ मिळते. मराठी गीतं, मराठी उपदेश, आणि नंतर एकत्र जेवण. त्या दिवशी प्रभुभोजन असतं. त्याआधी आमच्यात एक रीत आहे, आमचे वडीलधारे नगरकडून येताना ती बरोबर घेऊन आले. भाकर घेण्याआधी पाच मिनिटं उपासना थांबते. सगळे जागेवरून उठतात, एकमेकांकडे जातात, हात हातात घेतात आणि म्हणतात, "माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा." समोरचा म्हणतो, "माझंही." मग सगळे हलक्या मनानं परत बाकावर.

या पाच मिनिटांत माझा हात कुणी धरू शकत नसे. वीस जणांना तरी मी गाठायचो. ज्यांच्याशी माझं कधी वाकडं बोलणंही झालं नव्हतं, अशा सगळ्यांची मी अगदी मनापासून क्षमा मागायचो.

आता तो शुक्रवार.

दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं. माझ्या हातात गेज होता आणि फोन वाजला. आमचे क्वालिटीचे मोठे साहेब, चोप्रासाहेब. माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान, माणूस हुशार. म्हणाले, "साळवेजी, जनवरी से बोर की चेकिंग कैमरा करेगा. आप अब आराम करो यार, ये आँख का काम अब आपके बस का नहीं." बोर म्हणजे माझं छिद्र. त्यांनी हसत हसत म्हटलं असेल. मला मात्र ते लागलं. सव्वीस वर्षं! मी "जी सर, बिल्कुल सर" म्हटलं, फोन ठेवला आणि हातातला गेज दाणकन समोरच्या लोखंडी टेबलावर आपटला.

इथं धंद्यातला एक नियम सांगायलाच हवा. गेज पडला किंवा आपटला, तर तो पुन्हा वापरायचा नाही. त्याला पिवळी चिठ्ठी बांधायची आणि मापखोलीत तपासणीला पाठवायचा. डोळ्यांना काही दिसत नसलं तरी त्याची कड केसाएवढी उचललेली असू शकते. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी शिकवायचो तो हाच नियम. एका पोरानं गेज पाडून गुपचूप ठेवला म्हणून मी त्याला आठवडाभर फैलावर घेतलं होतं.

मी गेज उचलला, पुसला आणि काम पुढे सुरू केलं.

दोन वाजल्यानंतर ओमवतीच्या मशीनवरचे ठोकळे आले. गोचं टोक आत जाईना. दुसरा, तिसरा, दहावा, सगळे अडले. छिद्रं लहान! ओमवती छिद्राच्या मशीनवर आठ वर्षं होती. मानेसरच्या शेजारच्याच गावची, चाळिशीची, कमी बोलणारी, ठेकेदाराकडून लागलेली. त्या वर्षी कायम होणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव होतं. आठ वर्षं वाट पाहून आलेलं नाव. ती यादी सोमवारी सकाळी दहा वाजता वर जायची होती.

छिद्र लहान होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आतलं कापणारं टूल झिजलेलं असणं. ते ठरावीक ठोकळ्यांनंतर बदलायचं आणि मशीनवरच्या कागदावर तसं लिहायचं. मी तिच्याकडे गेलो. कागदावर टूल बदलल्याची नोंद होती, तिची सही होती. माझं डोकं आधीच तापलेलं.

"टूल बदला नहीं और लिख दिया बदला?" मी मोठ्यांदा विचारलं. आजूबाजूच्या चार मशीनी थांबल्या.

"बदल्या सै साब," ती म्हणाली. "छेद ठीक सै. एक बर थारा गेज देख ल्यो."

माझा गेज बघ म्हणे! मला! मी म्हटलं, "छब्बीस साल से गेज देख रहा हूँ, मुझे मत सिखाओ." आणि लाल चिठ्ठीवर जाड अक्षरात लिहिलं: छिद्र लहान, टूल वेळेवर बदललं नाही, नोंद खोटी. 'नोंद खोटी' हे लिहिताना मला जरा बरंच वाटलं, हेही आज कबूल करतो. लाल चिठ्ठीचा माल दुसऱ्या गेजनं पुन्हा तपासल्याशिवाय भंगारात काढायचा नाही, असा नियम आहे. मी न तपासताच तपासल्याची सही ठोकली आणि दोन ट्रॉल्या भंगाराच्या जाळीआड ढकलल्या. भंगाराचा ट्रक सोमवारी सकाळी आठला यायचा. ओमवती हात पुसत उभी राहिली, एवढंच मी पाहिलं.

कायम होणाऱ्या माणसाच्या कागदावर 'नोंद खोटी' म्हणजे यादीतून नाव कटणार, हे मला ठाऊक होतं. तरीही शनिवारच्या सुट्टीत मी मजेत दोन वेळा जेवलो आणि वरणावरून ओरडलो.

रविवारी उपासना. दोन गीतं झाली, उपदेश झाला आणि ती पाच मिनिटं आली. मी नेहमीप्रमाणे उजव्या बाजूनं सुरुवात केली. एक, दोन, आठ, बारा. सगळ्यांचे हात हातात घेतले. शेवटी बाकावर परत येऊन सुनंदाकडे वळलो. ती नेहमी शेवटी असते, घरचीच आहे म्हणून. "सुनंदा, माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा कर."

ती मला म्हणाली, "काय चुकलं?"

मी हसलो. "अगं, काहीतरी. असेल तर."

"नाही ना," ती म्हणाली. आवाज अगदी शांत. "तुमच्या त्या लाल चिठ्ठीवर 'काहीतरी चुकलंय' असं चालतं का? दोष काय, कुठं, किती, सगळं लिहून घेता ना सगळ्यांकडून? मग मला तसं सांगा. काय, कुठं, कधी. मग मी क्षमा करते."

मागच्या बाकावरच्या दोन बायकांनी माना वळवल्या. मला संताप आला. तोंडाशी आलं होतं की घरी चल, सांगतो. आणि माझा हात उठला. मारायला नव्हे हो, तसलं मी कधी केलं नाही. शेजारी बाकावर गीतांचं पुस्तक होतं, ते आपटायला.

पुस्तक वर उचललेलं, आणि हात तिथंच थांबला.

हा हात शुक्रवारीही असाच उठला होता. त्या हातात गेज होता. दुपारी एकपर्यंत सगळा माल पास. फोन आला, गेज आपटला. दोननंतर सगळा माल फेल. कुणी शिकाऊ पोरानं मला हे सांगितलं असतं तर मी दुसऱ्या क्षणी विचारलं असतं, गेज पाहिलास का! ओमवतीनं तेच सांगितलं होतं. एक बर थारा गेज देख ल्यो.

पुढे भाकर मोडली जात होती. मी सुनंदाला म्हटलं, "मी शुक्रवारी गेज आपटला. एका बाईला खोटं ठरवलं. तिची नोकरी जाणार आहे. उद्या सकाळी आठला माल भंगारात जाईल, मग काही सिद्ध करता येणार नाही."

तिनं पर्स उचलली. "चला."

"कुठं?"

"मानेसर. आणखी कुठं? आणि मीही येतेय, तुमचा भरवसा नाही. गेटपर्यंत जाऊन तुम्ही परत याल."

सव्वीस वर्षांत मी प्रभुभोजन न घेता कधी उठलो नव्हतो. सगळी मंडळी बघत होती. मी पाळकसाहेबांच्या जवळून जाताना हळूच म्हटलं, "पाळकसाहेब, आधी एकीकडे जाऊन येतो." ते फक्त "जा" म्हणाले.

तिथून आम्ही जे पळालो! सुनंदा नारायणपेठी नेसलेली, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात मंडळीच्या जेवणासाठी केलेल्या पुलावाचा डबा, तो कुठं ठेवावा ते सुचलं नाही म्हणून बरोबरच. नवी दिल्ली स्टेशनवरून मेट्रो धरली, गुरुग्रामच्या शेवटच्या स्टेशनपर्यंत उभं राहून गेलो. खाली टॅक्सीवाला म्हणाला, मानेसर नहीं जाऊंगा, इतवार को सवारी वापस नहीं मिलती. सुनंदानं डब्याचं झाकण उघडून त्याच्यासमोर धरलं. तो म्हणाला, "बैठो आंटी." टॅक्सीत मला उकडत होतं. नोव्हेंबरचा धूर खिडकीबाहेर आणि माझ्या अंगाला घाम. चोप्रासाहेब म्हणतील, बघा, मी सांगितलं नव्हतं, आता हे तुमच्याच्यानं होणार नाही? म्हणतील ना! आणि बरोबरच म्हणतील. मी सुनंदाला म्हटलं, "मी मुद्दाम त्यांच्या हातात कोलीत देतोय." ती म्हणाली, "द्या."

गेटवरच्या शिपायानं आधी मला सलाम केला आणि मग सुनंदाला अडवलं. "मॅडम का पास?" मी काही बोलायच्या आत सुनंदा म्हणाली, "भैया, ये छब्बीस साल से यहाँ आ रहे हैं, आज पहली बार मैं आई हूँ. लिख लो रजिस्टर में." त्यानं लिहून घेतलं, तिच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं आणि सोडलं. नारायणपेठी आणि पिवळं हेल्मेट! तो फोटो मी काढला नाही याची हळहळ अजून आहे.

रविवारी कारखाना बंद, त्यामुळे माझ्या टेबलावर गेज होता तिथंच. मी गोच्या टोकाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. धंद्यात ही सगळ्यात जुनी परीक्षा. कड साफ असेल तर नख सरकतं.

नख अडकलं.

मी सुनंदाचा हात धरून तिचं नख फिरवलं. "लागतंय," ती म्हणाली, "तांदळात खडा लागावा तसं." मी खाली बसलो, जमिनीवरच. कपाटात सीलबंद डब्यात नवा गेज होता. सही करून काढला. जाळीआडून पहिली ट्रॉली ओढली, पहिला ठोकळा घेतला आणि गोचं टोक छिद्रावर ठेवलं.

ते अलगद आत गेलं, लोण्यात बोट जावं तसं! नो-गो लावलं, अडलं. पास! दुसरा ठोकळा, पास! तिसरा, पास! मी इतका मोठ्यांदा ओरडलो की शिपाई धावत आला. सव्वीस वर्षं माझं काम माल नापास करण्याचं, आणि त्या दिवशी मला 'पास' म्हणताना जो आनंद झाला, तो आजतागायत कशातच झालेला नाही. अहो, माझी चूक सिद्ध होत होती आणि मी नाचत होतो!

"मला द्या," सुनंदा म्हणाली. मी तिला शिकवलं. हे टोक जायला हवं, हे नको, जोर लावायचा नाही, नुसतं टेकवायचं. तिचा हात माझ्यापेक्षा हलका. कपाटातून आणखी एक गेज काढला; एका ट्रॉलीवर ती, दुसरीवर मी. ती गोचं टोक घालायची आणि म्हणायची, "गेला!" सूर्य मावळेपर्यंत दोन्ही ट्रॉल्या संपल्या. एकही ठोकळा नापास नाही. ओमवतीनं टूल वेळेवर बदललं होतं. नोंद खरी होती.

पुलाव आम्ही शिपायाबरोबर तिथंच खाल्ला. खाताना सुनंदा म्हणाली, "मृणालच्या चित्रांना पण तुम्ही अशीच लाल चिठ्ठी लावली होती." मृणाल आमची मुलगी. बंगळुरूला असते, फोन फक्त आईला करते. तो लॉट भंगारात जाऊन बारा वर्षं झाली होती.

सोमवारी सकाळी साडेआठला आमच्याकडे उभ्याची मीटिंग असते. सगळी लाईन, सगळे सुपरवायझर, चोप्रासाहेब. दहा मिनिटं, उभ्याउभ्या. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी तोंडातून उडाली. मी पुढे गेलो, वाकड्या कडेचा गेज वर धरला आणि म्हणालो, "शुक्रवार दोपहर को ये गेज मैंने गुस्से में टेबल पर पटका था. पिवळी चिठ्ठी नहीं लगाई. इसका किनारा उठा हुआ है. ओमवती का सारा माल ठीक था. मैंने उसको झूठा लिखा. दोबारा चेक भी नहीं किया और साइन कर दिया. झूठी एंट्री मेरी है, उसकी नहीं." घाईत 'पिवळी चिठ्ठी' मराठीतच म्हणून गेलो. कुणी हसलं नाही.

चोप्रासाहेबांनी गेज पाहिला. मग म्हणाले, "साळवेजी, ये आप मुझे केबिन में भी बता सकते थे."

"सर, मैंने उसको केबिन में झूठा नहीं बोला था. इसी जगह बोला था."

त्यांनी ती लाल चिठ्ठी मागून घेतली, सगळ्यांसमोर फाडली आणि फोन काढून सांगितलं की यादीतलं ओमवतीचं नाव तसंच राहील. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेज का केस बनेगा, आपके नाम पे." मी म्हटलं, "बनना चाहिए." माझ्या नावावर पहिला आणि शेवटचा मेमो आला. जानेवारीत कॅमेराही आला. त्याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. कॅमेरा काही आपटत नाही, हे मात्र मान्य.

मीटिंग मोडली तशी मी ओमवतीच्या मशीनपाशी गेलो. मनात जुळवलेलं होतं, मी म्हणेन, ती म्हणेल, सगळं सुरळीत होईल. आमच्या पाच मिनिटांत तसंच होतं ना! मी म्हटलं, "ओमवतीजी, माफ कर दीजिए. मैंने आपको झूठा लिखा."

ती म्हणाली, "गेज दिखाओ."

मी दिला. तिनं नख फिरवलं. एकदा, दोनदा. मग वर बघून विचारलं, "और कितनी बर पटक्या सै साब?"

सव्वीस वर्षांत किती वेळा? त्यातला प्रत्येक गेज मी पिवळी चिठ्ठी लावून पाठवला होता का? माझ्या लाल चिठ्ठ्यांनी कितीजण लाईनवरून गेले, ते सगळे खरंच चुकले होते का? त्यांची नावंही मला आता आठवत नाहीत. मी म्हटलं, "पता नहीं."

"हूँ," ती म्हणाली आणि मशीन सुरू केली. क्षमा केली की नाही, काही नाही.

पुढच्या महिन्यात मी प्रभुभोजन घेतलं. पाच मिनिटांत वीस जणांकडे गेलो नाही, फक्त सुनंदाकडे गेलो. "मंगळवारी चहा गार म्हणून कप सरकवला, तुझ्या पुस्तकावर सांडला. गुरुवारी फोनवर तुझ्या बहिणीला टाकून बोललो." तिनं बोटांवर मोजलं. म्हणाली, "शनिवारचं राहिलं." शनिवारचंही सांगितलं. त्याच दिवशी घरी येऊन मी बंगळुरूला फोन लावला. मृणाल म्हणाली, "बाबा, तुम्ही? आईला काय झालं?" एवढंच! पण फोन तिनं लगेच ठेवला नाही.

ओमवतीचं कायमचं पत्र फेब्रुवारीत आलं. सगळ्या लाईनला तिनं घरच्या तुपातले लाडू वाटले. मला दोन दिले.

आणि मार्चमधला एक दिवस. कॅमेरा बंद पडलेला, म्हणून लाल साब पुन्हा टेबलावर, हातात गेज. मी खूश! ओमवतीच्या ट्रेमधले दोन ठोकळे अडले. नीट पाहिलं, पुन्हा घालून पाहिलं. छिद्र लहान. मी तिच्याकडे गेलो आणि आवाज न चढवता सांगितलं.

तिनं मान वर केली. सगळी लाईन बघत होती. "साब, एक बर थारा गेज देख ल्यो."

रक्त सर्रकन डोक्यात चढलं. बदललेलं जीवन वगैरे ठीक आहे, पण चढलं! सकाळीच मी तो गेज तपासून घेतला होता, आपटला नव्हता, पडला नव्हता. मला शंभर टक्के ठाऊक होतं की गेज ठीक आहे. मी तोंड उघडलं आणि मिटलं. गेजला पिवळी चिठ्ठी बांधली. मापखोलीपर्यंत चालत गेलो, तपासायला दिला, बाहेर बाकावर बसून राहिलो. वीस मिनिटांनी तो परत मिळाला. गेज ठीक. तो घेऊन मी लाईनवर आलो आणि तिच्या हातात दिला.

तिनं स्वतः घालून पाहिला. अडला. तिनं माझ्या खिशातली लाल चिठ्ठी ओढून घेतली, ठोकळ्याला स्वतः बांधली आणि म्हणाली, "टूल आज मेरे तै रह गया था. मन्नै बेरा था."

म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं! "फिर मुझे गेज देखने क्यों भेजा?"

ती पहिल्यांदाच हसली, अगदी दात दिसेपर्यंत.

"देखणा था साब, सच्ची बदलगे, या उस दिन का जोश था."